गंगेचा हिशेब आणि श्रद्धावान मतदार

२०१४ च्या एप्रिल महिन्यात वाराणसीत उमेदवारी अर्ज भरताना नरेंद्र मोदी यांनी, आपण स्वतः आलेलो नाही, आपल्याला कोणी पाठविलेलेही नाही, गंगामातेनेच बोलावून घेतले आहे, अशी घोषणा केली. जे काम शेकडो जाहीर सभांनी झाले नसते, ते या एका घोषणेने केले. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव या प्रश्नांवर जो मतदार उत्तर मागत होता, त्याच मतदाराच्या मनाचा दुसरा कप्पा या घोषणेने उघडला. ज्या घरात तांब्याच्या गडूत गंगाजल जपून ठेवले जाते आणि मरणाऱ्या माणसाच्या मुखात त्याचा थेंब घातला जातो, त्या घराला वाटले की, हा माणूस आपला आहे. पुढे २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही लोकसभा निवडणुका मोदींनी वाराणसीतून जिंकल्या, आणि गंगेचे उगमस्थान असलेल्या उत्तराखंडातील पाचही जागा तिन्ही वेळा त्यांच्या पक्षाच्या पदरात पडल्या.

या मतदारापुढे उभे राहताना डाव्या चळवळीतील कार्यकर्ता सामान्यतः दोनपैकी एक चूक करतो. एक तर तो या मतदाराला प्रतिगामी ठरवून त्याच्या दारावरून पुढे निघून जातो. किंवा दारात उभा राहून त्याच्या श्रद्धेशीच वाद घालू लागतो. दोन्ही प्रकारांत मतदार जेथे होता तेथेच राहतो आणि कार्यकर्ता मात्र कर्तव्य बजावल्याच्या समाधानात घरी परततो. तिसरा मार्ग आहे. ज्या गोष्टीला हा मतदार पवित्र मानतो, त्या गोष्टीचे सत्तेवर बसलेल्या नेत्याने काय केले, याचा कागदोपत्री हिशेब त्याच्यासमोर मांडणे, हा तो मार्ग होय. मार्ग कष्टाचा आहे आणि त्यात खाचखळगेही आहेत. म्हणूनच त्याचा विचार गंभीरपणे व्हावयास हवा.

हा मतदार कोण आहे?

परंपरानिष्ठ मतदार म्हणजे कोणी गढीत बसलेला जमीनदार नव्हे. गढवालातील निवृत्त सैनिकाचे कुटुंब, बद्रीनाथच्या वाटेवर चहाचे दुकान चालविणारा छोटा दुकानदार, वाराणसीच्या घाटावर नाव वल्हवणारा निषाद, आणि दुर्गाघाट-ब्रह्माघाट परिसरात पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी भिक्षुकांची घरे, हीच मंडळी त्यात बहुसंख्येने आहेत. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी वस्त्यांत आणि महाराष्ट्रातील गावोगावी, आयुष्यात एकदा तरी काशीयात्रा घडावी म्हणून पै-पै साठविणारी कुटुंबेही याच वर्गातील. मणिकर्णिकेचा घाट बांधून काढणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचे नाव ही कुटुंबे आजही आदराने घेतात. उत्पन्नाच्या दृष्टीने पाहिले तर यांतील फार मोठा भाग कष्टकरी किंवा निम्नमध्यमवर्गीय आहे. त्याचे मत उजवीकडे जाते. पण त्याचे हितसंबंध उजवीकडे नाहीत.

१९०९ साली धर्माविषयी कामगार पक्षाच्या धोरणाचे विवेचन करताना लेनिनने एका संपाचे उदाहरण घेतले होते. संपात उतरलेले कामगार काही धर्मश्रद्ध आणि काही निरीश्वरवादी असतील, तर अशा वेळी देव आहे की नाही हा वाद उकरून काढणारा माणूस मालकाचेच काम करतो, असा त्याचा निष्कर्ष होता. कामगारांची एकजूट प्रत्यक्ष लढ्यात बांधली जाते आणि त्या लढ्याचा अनुभवच त्यांचे विचार बदलतो. गंगेच्या प्रश्नाला हे सूत्र तंतोतंत लागू पडते. नदी पवित्र आहे की नाही, हा निवडणुकीतला मुद्दाच नव्हे. तिच्यात मैला कोण सोडतो, तिचे पाणी कोण अडवितो आणि तिच्या काठचा डोंगर कोण फोडतो, हा मुद्दा आहे.

घोषणा आणि हिशेब

आता हिशेबाकडे वळावे. मे २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘नमामि गंगे’ कार्यक्रमासाठी पाच वर्षांकरिता २०,००० कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. ऑक्टोबर २०१६ मध्ये खुद्द पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय गंगा परिषद स्थापन झाली. या परिषदेने वर्षातून किमान एकदा भरावे, असा नियम ती स्थापन करणाऱ्या आदेशातच आहे. प्रत्यक्षात तिची पहिली बैठक १४ डिसेंबर २०१९ रोजी कानपूर येथे झाली, म्हणजे स्थापनेनंतर तीन वर्षांनी. दुसरी बैठक ३० डिसेंबर २०२२ रोजी झाली, म्हणजे आणखी तीन वर्षांनी. ज्याला गंगेने बोलावले होते, त्याला गंगेच्या कामासाठी सहा वर्षांत दोनच दिवस सापडले, असे कोणी म्हटले तर त्याचे काय उत्तर आहे?

सप्टेंबर २०१७ मध्ये गंगेचे खाते महाराष्ट्राच्या नितीन गडकरींकडे आले. मार्च २०१९ पर्यंत गंगा सत्तर ते ऐंशी टक्के आणि त्यानंतरच्या वर्षात संपूर्ण शुद्ध होईल, असे आश्वासन त्यांनी दिले. ही मुदत केव्हाच उलटून गेली.

काहीच झाले नाही, असे मात्र कार्यकर्त्याने म्हणू नये. कारण ते खरे नाही. कानपूरचा कुप्रसिद्ध सिसामऊ नाला गंगेत जाण्यापासून अडविण्यात आला. वाराणसीत दीनापूर येथे नवे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. श्रद्धावान मतदाराने हे आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. ते नाकारणारा कार्यकर्ता पहिल्याच मिनिटाला त्याचा विश्वास गमावून बसेल. उलट ते मान्य करून पुढचा प्रश्न विचारावा: एवढा पैसा, एवढी वर्षे आणि एवढा गाजावाजा झाल्यावर २०२५ च्या महाकुंभात काय दिसले?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ३ फेब्रुवारी २०२५ च्या अहवालात राष्ट्रीय हरित लवादाला कळविले की, प्रयागराज येथे तपासणीच्या वेळी अनेक ठिकाणचे पाणी विष्ठाजन्य जिवाणूंच्या प्रमाणामुळे स्नानाच्या निकषास उतरलेले नाही. हा निकष म्हणजे १०० मिलिलिटरमागे २,५०० ही मर्यादा. हे मंडळ म्हणजे कोणा विरोधी पक्षाची शाखा नव्हे. ते केंद्र सरकारचेच खाते आहे. तरीही उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत उभे राहून संगमाचे पाणी स्नानालाच नव्हे, तर आचमनालाही योग्य असल्याचे सांगितले. याच मंडळाने त्या महिन्याच्या अखेरीस दुसरा अहवाल काढला आणि सांख्यिकी पद्धतीने काढलेल्या मूल्यांच्या आधारे पाणी स्नानयोग्य ठरविले. कार्यकर्त्याने दोन्ही अहवाल मतदारासमोर ठेवावेत. महिन्याभराच्या आत अहवाल बदलला. पण ज्या दिवसांचे नमुने दोषी ठरले होते, त्या दिवशी डुबकी मारणाऱ्या भाविकाच्या पोटात गेलेले पाणी काही सरासरीने बदलत नाही. ज्या नेत्याला भाविकाची खरी चाड असती, त्याने त्याला आधी सावध केले असते.

डोंगरावरचा हिशेब

मैदानातील गंगेपेक्षा डोंगरातील गंगेची कहाणी अधिक बोलकी आहे. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या प्रलयात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने उत्तराखंडातील नव्या जलविद्युत प्रकल्पांना स्थगिती दिली आणि या प्रकल्पांचा आपत्तीशी काय संबंध, हे तपासण्याचा आदेश दिला. नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २४ पैकी २३ प्रकल्प उभारू नयेत असा निर्वाळा दिला. डिसेंबर २०१४ मध्ये, म्हणजे मोदी सरकार आल्यानंतर, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने न्यायालयातील प्रतिज्ञापत्रात जलविद्युत प्रकल्पांमुळे हानी वाढल्याचे मान्य केले. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच सरकारने त्याच न्यायालयात सात प्रकल्प पुढे चालू द्यावेत असे प्रतिज्ञापत्र सादर केले! या सातांत तपोवन-विष्णुगाड प्रकल्पही आहे. त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला चमोली जिल्ह्यात खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळून आलेल्या लोंढ्याने ऋषिगंगा प्रकल्प पुसून टाकला होता आणि तपोवनच्या बोगद्यात कामगारांना जिवंत गाडले होते. मृत आणि बेपत्तांची संख्या दोनशेहून अधिक होती. त्यांतील बहुतेक मजूर होते. सुमारे सहा महिन्यांनी सरकारने त्याच प्रकल्पासाठी न्यायालयात रदबदली केली.

ज्या रैणी गावाच्या पायथ्याशी हा लोंढा आला, ते गाव भारताच्या चळवळींच्या इतिहासात अजरामर आहे. २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि तिच्या बरोबरीच्या स्त्रियांनी ठेकेदाराच्या कुऱ्हाडीपुढे झाडांना कवटाळले ते येथेच. ठेकेदार येणार असल्याचा इशारा गावोगावी देत फिरणाऱ्यांत जोशीमठचे कम्युनिस्ट कार्यकर्ते गोविंदसिंह रावत हे अग्रभागी होते, ही गोष्ट आज पक्षातीलही थोड्यांनाच ठाऊक असेल. ४७ वर्षांनी त्याच रैणीच्या रहिवाशांनी या प्रकल्पांच्या परवान्यांविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा जुलै २०२१ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली आणि प्रत्येक अर्जदाराला दहा हजार रुपये दंड ठोठावण्यात आला.

जोशीमठाची कथाही याच मालिकेतली. आद्य शंकराचार्यांनी स्थापिलेल्या चार मठांपैकी ज्योतिर्मठ येथे आहे. हे नगर जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे, येथे अवजड बांधकाम करू नये, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ साली दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले आणि भाविकांचे हे पुरातन नगर खचू लागले. इस्रोच्या केंद्राने १२ दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचल्याची उपग्रहचित्रे प्रसिद्ध केली. त्यावर सरकारने काय करावे? शास्त्रीय संस्थांनी वृत्तपत्रांशी बोलू नये असा फतवा काढण्यात आला आणि ती चित्रे संकेतस्थळावरून नाहीशी झाली. जमीन खचणे थांबविता आले नाही. खचल्याची बातमी मात्र थांबविण्यात आली.

चारधाम मार्गाचेही तसेच. सुमारे ८८९ किलोमीटरच्या या रस्त्याचे ५३ तुकडे पाडण्यात आले. कारण १०० किलोमीटरपेक्षा कमी लांबीच्या कामाला पर्यावरणीय परिणामांची तपासणी करावी लागत नाही. ज्या देवाच्या नावाने रस्ता, त्या देवाच्या डोंगराची तपासणी चुकविण्यासाठी ही युक्ती! याच मार्गावरील सिलक्यारा बोगद्याला २०१८ साली मंजुरी देताना सुटकेच्या मार्गाची तरतूद जाहीर झाली होती. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी बोगदा कोसळून ४१ मजूर आत अडकले, तेव्हा तो सुटकेचा मार्ग अस्तित्वातच नव्हता. १७ दिवसांनी परदेशी यंत्रे हरली आणि हाताने माती उकरणाऱ्या गरीब खाणकामगारांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनी खांद्याला खांदा लावून, त्यांना बाहेर काढले.

एका संन्याशाचा मृत्यू

या साऱ्या हिशेबात एक नोंद अशी आहे, की जी श्रद्धावान मतदारासमोर ठेवल्यावर दुसरे फारसे बोलण्याची गरजच राहत नाही. प्राध्यापक गुरुदास अग्रवाल हे कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये शिकविणारे अभियंते, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव आणि पुढे संन्यास घेऊन स्वामी ज्ञानस्वरूप सानंद झालेले गंगाभक्त. राजकीय दृष्ट्या त्यांना डावे कोणीही म्हणणार नाही. २००८ पासून त्यांनी गंगेसाठी वारंवार उपोषणे केली. २०१० साली तत्कालीन सरकारने भागीरथीवरील ६०० मेगावॉटचा लोहारीनाग-पाला प्रकल्प रद्द केला, तो त्यांच्या उपोषणाच्या दडपणाखालीच.

२२ जून २०१८ रोजी हरिद्वारच्या मातृसदनात त्यांनी अखेरचे उपोषण आरंभिले. गंगेसाठी कायदा करा, तिच्या वरच्या प्रवाहांवरील प्रकल्प थांबवा, हरिद्वार परिसरातील वाळूउपसा बंद करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यांनी पंतप्रधानांना पत्रांमागून पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. ९ ऑक्टोबरला सरकारने गंगेत किमान किती पाणी वाहते ठेवावे याची अधिसूचना काढली. मूळ मागण्या मात्र जागच्या जागी राहिल्या, आणि ११ ऑक्टोबर २०१८ रोजी, १११ दिवसांच्या उपोषणानंतर, वयाच्या ८६ व्या वर्षी, ऋषिकेश येथे त्यांचा अंत झाला. त्यानंतर पंतप्रधानांचा शोकसंदेश तत्परतेने प्रसिद्ध झाला. जिवंत संन्याशाला उत्तर नाही आणि मृत संन्याशाला श्रद्धांजली, या एका घटनेत या राजवटीचे सारे गंगाप्रेम उघडे पडले आहे.

ढोंग की वर्गधर्म?

मात्र एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धेच काम करणे होय. नेता ढोंगी आहे, एवढेच मतदाराला पटले, तर तो उद्या दुसरा, कमी ढोंगी नेता शोधील. पक्षाचे काम त्यापुढे जाण्याचे आहे. एकच सरकार २०१४ साली एक आणि २०२१ साली नेमके उलटे प्रतिज्ञापत्र का करते? कारण प्रकल्पांत गुंतलेले भांडवल, त्यांवरील ठेके, सिमेंट आणि वाळूचा व्यापार या साऱ्यांचा दाब अखंड चालू असतो, आणि नदीचा दाब फक्त पुराच्या वेळी जाणवतो. मैला शुद्ध करण्यात नफा नाही. शुद्धीकरण केंद्र बांधण्याच्या ठेक्यात आहे. म्हणून केंद्रे बांधली जातात, त्यांचे उद्घाटन होते. पण ती रोज चालविण्यासाठी लागणारा पैसा आणि कायम सेवेतील कर्मचारी नगरपालिकांना मिळत नाहीत.

एंगल्सने आपल्या अपूर्ण राहिलेल्या ‘निसर्गाचे द्वंद्ववाद’ या ग्रंथात हेच सूत्र सांगितले होते. आल्प्सच्या दक्षिण उतारावरील जंगल तोडणाऱ्या इटालियनांना त्यामुळे डोंगराचे झरे आटतील आणि पावसाळ्यात मैदानावर भयंकर लोंढे कोसळतील याची कल्पना नव्हती, असे त्याने दाखवून दिले. आज तेवढीही सबब उरलेली नाही. मिश्रा समितीपासून सर्वोच्च न्यायालयाच्या तज्ज्ञांपर्यंत सर्वांनी इशारे दिले. ज्ञान होते, नफ्याने ते बाजूला सारले. २०२३ च्या वनसंरक्षण दुरुस्ती कायद्याने तर आंतरराष्ट्रीय सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतील सामरिक महत्त्वाच्या मार्गांसाठी वनजमिनीवरील संरक्षण काढून घेतले. नकाशा उघडून पाहावा: चारही धामे या पट्ट्यातच येतात.

मतदार काय विचारील?

हा हिशेब ऐकून घेतल्यावर मतदार गप्प बसणार नाही, आणि त्याने गप्प बसूही नये. तो विचारील, काँग्रेसने तरी काय केले? याचे उत्तर सरळ द्यावे. १९८६ साली राजीव गांधींनी वाराणसीत गंगा कृती योजना सुरू केली आणि ती फसली. टिहरीचे धरण काँग्रेसच्या आणि भाजपच्या, दोन्ही राजवटींत पुढे सरकले. २०११ साली वाळूमाफियांविरुद्ध उपोषण करताना स्वामी निगमानंद मरण पावले, तेव्हा केंद्रात काँग्रेसचे आणि उत्तराखंडात भाजपचे सरकार होते. दोघांचाही वर्ग एकच आहे. म्हणून हिशेबाच्या दोन्ही पानांवर तोच खर्च दिसतो. पण गंगेने बोलावल्याचे सांगून मत मागणारा एकच होता. म्हणून जाब प्रथम त्याला विचारावा लागतो.

तो विचारील, सीमेवर चीन उभा असताना रुंद रस्ता नको का? ज्या घरातील मुलगा सैन्यात आहे, त्या घरात हा प्रश्न पोकळ नसतो. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२१ मध्ये याच कारणाने रुंदीकरणाला परवानगी दिली. येथे रस्त्याला विरोध करण्याची गरज नाही. डोंगराचा पाय कापून केलेला रस्ता प्रत्येक पावसाळ्यात दरडीखाली जातो, आणि बंद पडलेल्या रस्त्यावरून तोफ जात नाही, एवढे गढवालच्या माणसाला दुसऱ्याने शिकवावे लागत नाही. सैनिकाला हवा तो टिकणारा रस्ता; ठेकेदाराला हवा तो वारंवार बांधावा लागणारा.

शेवटी तो विचारील, तुमचा स्वतःचा हिशेब काय? याच प्रश्नावर कार्यकर्त्याची खरी कसोटी आहे. सोव्हिएत राजवटीत कापसासाठी अमू आणि सीर या नद्यांचे पाणी वळवून अरल समुद्र आटविण्यात आला, हे नाकारता येत नाही. केरळात सायलेंट व्हॅलीच्या धरणाला डाव्या नेतृत्वातील मोठ्या भागाचा पाठिंबा होता. त्याला अडविले ते केरळ शास्त्र साहित्य परिषदेतील डाव्या विचाराच्याच शिक्षकांनी आणि वैज्ञानिकांनी. माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाविषयी २०११ साली दिलेला अहवाल छोट्या शेतकऱ्यांच्या ग्रामसभांपुढे नेण्याऐवजी इडुक्कीच्या डोंगरात डावेही विरोधाच्या लाटेबरोबर वाहत गेले. या चुका सांगून टाकाव्यात. त्याच दमात दुसरी बाजूही सांगावी: २००६ चा वनाधिकार कायदा संसदेत डाव्या पक्षांच्या रेट्यावाचून त्या स्वरूपात झाला नसता, व्ही. एस. अच्युतानंदन यांच्या सरकारने २००८ साली भातशेती आणि पाणथळ जमिनींच्या रक्षणाचा कायदा केला. आणि एंडोसल्फान या विषारी कीटकनाशकावर देशव्यापी बंदी यावी म्हणून २०११ साली हाच वृद्ध कम्युनिस्ट मुख्यमंत्री उपोषणास बसला. आपली चूक स्वतःहून सांगणाऱ्या माणसाचे म्हणणे श्रद्धावान माणूस ऐकून घेतो, कारण प्रायश्चित्ताची किंमत त्याला कळते.

हिशेब आपोआप मत होत नाही

येथे एका भ्रमाबद्दल सावध राहिले पाहिजे. जोशीमठला तडे गेल्यानंतर अवघ्या सव्वा वर्षाने झालेल्या २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गढवालची जागा भाजपनेच जिंकली. जमीन खचली म्हणून मत खचले नाही. त्यानंतर जुलै २०२४ मध्ये बद्रीनाथ विधानसभेची पोटनिवडणूक भाजप हरला खरा. पण त्यात पक्षांतर करणाऱ्या उमेदवाराविरुद्धच्या रागाचाही वाटा होता. वाराणसीत मोदींचे मताधिक्य २०१९ मधील ४,७९,५०५ वरून २०२४ मध्ये १,५२,५१३ वर आले. तेही केवळ गंगेमुळे घडले, असा दावा कोणी करू नये. नेत्याच्या कारकिर्दीचा हिशेब हे साधन आहे. ते हातात धरणारी संघटना नसेल तर ते कागदावरच राहते.

जोशीमठात हे साधन हातात धरणारी माणसे होती. तडे पडण्याच्या कितीतरी आधीपासून ‘जोशीमठ बचाओ संघर्ष समिती’ निवेदने देत होती, मोर्चे काढीत होती, आणि तिच्या अग्रभागी कम्युनिस्ट होते. ज्या घरांनी त्यांना कधी मत दिले नव्हते, ती घरे पुनर्वसनाच्या मागणीसाठी त्यांच्या मागे उभी राहिली. ती सारी मते उद्याच पेटीत पडतील असे नाही. पण ज्या घराचे दार काल बंद होते, ते आज उघडले आहे.

यातून कार्यकर्त्यांपुढे काही कामे स्पष्ट होतात. पहिले, आपापल्या भागातील नदीचा, डोंगराचा आणि जंगलाचा हिशेब तारखांसह तयार ठेवणे. ऐकीव आकडा एकही वापरू नये, कारण एक खोटा आकडा दहा खऱ्यांना मारतो. दुसरे, हा हिशेब निवडणुकीच्या तोंडावर नव्हे, तर पाणी तुंबते, दरड कोसळते, मासे मरतात त्या दिवशी घेऊन जाणे. तिसरे, नावाडी, मासेमार, यात्रामार्गावरील छोटे दुकानदार, बोगद्यांतील आणि शुद्धीकरण केंद्रांतील कंत्राटी कामगार यांच्या मागण्या नदीच्या मागणीशी जोडणे. महाराष्ट्रातील सभासदांनाही हे काम परके नाही. नाशिकच्या सिंहस्थाच्या निमित्ताने गोदावरीबद्दलही पवित्र भाषणांचा पूर येतो. त्या भाषणांच्या शेजारी गोदावरीच्या पाण्याचा आणि तपोवनातील झाडांचा हिशेब ठेवणे, हे त्यांचे काम आहे.

स्वामी सानंदांनी ज्या पत्रांना उत्तर मागितले, त्या पत्रांतील मागण्या अजून तशाच पडून आहेत. गंगेसाठी वेगळा कायदा झालेला नाही. ज्या भाविकाने गंगेच्या नावावर मत दिले, त्यानेच ते उत्तर मागावयाचे आहे. त्याच्या वतीने दुसरे कोणी मागून भागणार नाही. त्याच्या दारात जाऊन, त्याच्या देव्हाऱ्यातील गडूकडे आदराने पाहून, तो प्रश्न त्याच्या ओठांवर आणून देणे, एवढे जरी पक्षाच्या प्रत्येक शाखेने आपल्या भागातील दहा घरांत केले, तरी गंगेच्या नावाने मत मागणाऱ्याला पुढच्या वेळी गंगेचाच हिशेब द्यावा लागेल.